दोन गाड्यांचे दोन एक्सल

माझ्या दुकानात कोणी एक्सलचं सामान मागायला आला की मी आधी त्याला रस्ता विचारते. गाडी कोणती, मॉडेल कोणतं, ते नंतर. चिखल की डांबर? सपाट की चढ? नवे ड्रायव्हर हसतात. एकानं तर तोंडावर म्हटलं, "काकू, तुमाले सामान विकाचं हाय का माही सोयरीक जुळवाची हाय?" मी म्हटलं, "तुह्यासारख्याले पोरगी कोन देईन बाप्पा, तू रस्ता सांग." जुने ड्रायव्हर हसत नाहीत. ते मुकाट्यानं रस्ता सांगतात, कारण त्यांना आमच्या घरचं माहीत आहे.

दुकान वणीहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. पुढे दुकान, मागे घर, बाजूला गाड्या उभ्या करायची मोकळी जागा. दिवसभर कोळशाच्या गाड्या जातात. सकाळी पुसलेलं काउंटर दुपारपर्यंत काळं होतं, आणि दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर आमच्याकडे कोणाचंच पांढरं राहत नाही. खाणीत ब्लास्ट झाला की फळीवरची बेअरिंगं आपसात वाजतात. लग्न होऊन आले तेव्हा मी त्या आवाजाला दचकायचे. पुढे सवय झाली. आणि मग एक वर्ष असं आलं की मी पुन्हा दचकायला लागले.

तेव्हा घरात आम्ही तिघं होतो. मी, माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर भाऊ माझ्याकडे आला तो राहिलाच. नवऱ्यानं त्याला गाडी शिकवली, शिव्या देऊन, डोक्यात टपल्या मारून, पण मन लावून. त्याला तो "साळेबुवा" म्हणायचा आणि तो आल्याशिवाय ताटावर बसायचा नाही. आम्हाला मूल झालं नाही. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही. एवढंच सांगते की भाऊ तिशीचा गडी झाला, मिशा आल्या, आर्णीकडच्या एका पोरीचं स्थळ त्याच्यासाठी आलं, तरी तो गाडी घेऊन गेला की परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. नवरा चिडवायचा, "अवं, मीबी गाडी चालवतो. माह्यासाठी कधी दारात उभी राह्यली का तू?" मी म्हणायचे, "तुमाले काय होते, तुमी तं दगड."

त्या वर्षी तेलवाले आले. खरं म्हणजे ते कोळशाच्या थरात गॅस आहे का ते शोधत होते, पण त्यांचा तो उंच मनोरा, ते पाइप आणि लाल कपड्यातली माणसं पाहून सगळ्या गावांनी त्यांचं नाव तेलवाले पाडलं. एका शेतात भोक पाडायचं, तिथे काही सापडतं का पाहायचं, मग सगळं उचलून दुसऱ्या जागी न्यायचं. मनोरा, पंप, पाइप हे सगळं ओढायला त्यांना भाड्याची जड गाडी पाहिजे होती. आमची जुनी दहा चाकी कोळशाची गाडी उभीच होती. इंजिन झकास, गिअरबॉक्स झकास. मागचे दोन एक्सल मात्र थकले होते, आणि नवरा म्हणाला की हे काम आपण घ्यायचं.

तेलवाल्यांचा इंजिनिअर आमच्या दुकानात येऊन बसला. तरुण पोरगा, शांत, चहा पिताना बशीत फुंकर मारणारा. मला तो आवडला. त्यानं नवऱ्याला आणि भावाला समजावून सांगितलं. एक्सलच्या पोटात एक लहान आणि एक मोठं दातेरी चाक असतं. लहान किती वेळा फिरल्यावर मोठं एकदा फिरतं, त्याला मेकॅनिक लोक रेशो म्हणतात. रेशो कमी असला की गाडी पळते, जास्त असला की गाडी हळू जाते पण डोंगर ओढते. "तुमचे एक्सल पळायचे आहेत," तो म्हणाला. "आमच्या कामाला ओढायचे लागतात. चाकात वेगळे गिअर असतात तसले घ्या. आणि काका, दोन्ही एक्सल एकाच रेशोचे घ्या. त्यात थोडाही फरक चालणार नाही."

खरं होतं त्याचं. कोळशाचा धंदा करणारा माणूस एक्सल घेताना फेऱ्या मोजतो. खाणीतून भरायचं, रेल्वेच्या धक्क्यावर रिकामं करायचं, परत पळायचं. जो पळेल तो कमावेल. आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात एक्सल म्हणजे फेऱ्या.

नागपूरच्या बाहेर गाड्या तोडायची यार्डं आहेत, तिथे आम्ही तिघं गेलो. मी जायचंच म्हणून गेले. दुकान मी चालवते, बेअरिंग हातात घेऊन सांगते की चिनी आहे का असली, मग एक्सल घ्यायला मला घरी ठेवतात म्हणजे काय! यार्डात उन्हात गाड्यांचे सांगाडे रांगेनं पडलेले होते. केबिन नाही, चाक नाही, नुसती हाडं. मला तिथे पाय टाकल्यापासून बरं वाटत नव्हतं, आणि मी ते दोघांना सांगितलंही. नवरा म्हणाला, "हिले लग्नाच्या मांडवातबी बरं वाटत नोयतं."

मालकानं लगेच आम्हाला पाहिजे तसली जोडी दाखवली. चाकात गिअर असलेली, दोन्ही एक्सल एकाच गाडीखालचे, एकाच रेशोचे, वरचा रंगसुद्धा न उडालेला. नवऱ्याचा चेहरा खुलला. त्यानं हात फिरवला, वाकून पाहिलं, आणि मग या धंद्यात सगळे विचारतात तो प्रश्न त्यानं विचारला. "गाडी उभी मेली का पडून मेली?"

हा प्रश्न सांगावा लागेल. आमच्या घरात देव्हारा नाही. सासऱ्यांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हापासून गाडीला लिंबू-मिरची नाही, नव्या गाडीपुढे नारळ नाही. नवऱ्याला त्याचा भारी अभिमान. पण धंद्यातली ही एक गोष्ट घरात शिरली होती आणि कोणी तिला अंधश्रद्धा म्हणत नव्हतं. म्हातारी होऊन, इंजिन बसून बंद पडलेली गाडी उभी मेली. अपघातात उलटली ती पडून मेली. पडून मेलेल्या गाडीचा आरसा घ्यायचा नाही, नटसुद्धा घ्यायचा नाही. सांगताना लोक म्हणायचे की लोखंडाला आतून मार लागलेला असतो. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं.

मालक इमानदार निघाला. "पडून मेली," तो म्हणाला. "ड्रायव्हर आतमंदीच गेला बिचारा."

भावानं एक्सलवरचा हात झटक्यात मागे घेतला. "भाऊजी, मले नाही पायजे हे. याच्यावर मले बसा लागन."

"लोखंडाले काय भूत लागते का रे?" मी म्हटलं. "जोडी पाह्य कशी हाय. तपासून घ्या, रंग मारा आन बसवा."

"ताई, तुले नाही समजत."

"मले सगळं समजते! साहेबानं सांगतलं ना दोन्ही सारखे पायजे? हे सारखे हायेत. अजून काय पायजे तुमाले?"

नवरा बराच वेळ त्या जोडीपाशी उकिडवा बसला. त्याला ती पाहिजे होती, मला दिसत होतं. एकदा तो भावाला म्हणालाही, "साळेबुवा, आपल्या घरात हे चालते का?" भाऊ पायानं माती उकरत राहिला. शेवटी नवरा उठला, हात झटकले आणि मालकाला म्हणाला, "जाऊ द्या. पोराच्या मनात नाही तं नाही. उभ्या मेलेल्या गाडीचे दाखवा." माझ्या भावासाठी त्यानं चांगली जोडी सोडली. त्या वेळी मला राग आला होता, आणि रागातही थोडं बरं वाटलं होतं.

उभ्या मेलेल्या गाडीचा एक एक्सल मिळाला. दुसरा त्याच यार्डात पलीकडे, दुसऱ्या गाडीचा. बाहेरून दोन्ही एकसारखे. नवऱ्यानं खडू मागितला, एकेका एक्सलवर खुणा केल्या आणि हातानं फिरवून पाहिलं. पुन्हा फिरवून पाहिलं. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. दोघांच्या खुणा जुळत नव्हत्या. फरक अगदी जरासा होता, पण होता.

"सारखे नाहीत," मी म्हटलं.

"उलसाक फरक हाय. माती फरक खाते."

हे आमच्याकडच्या कोळशाच्या माणसाचं बोलणं. आणि खोटंही नाही. दोन एक्सल थोडे वेगळ्या वेगानं फिरले तर एक चाक दुसऱ्याशी भांडतं. पण चिखलात, भुकटीत चाक घसरतं आणि भांडण तिथेच मिटतं. आमच्या आधीच्या गाडीखाली असेच दोन भाऊबंद बसवलेले होते, आणि ती खाणीत म्हातारी होईपर्यंत चालली होती.

"आन माती नसली तं?" मी विचारलं.

नवरा हसला. "वणीत माती नाही असा दिवस दाखव मले."

एक्सल बसले. पावसाळ्यात काम सुरू झालं आणि खरं सांगते, गाडीनं नाव काढलं. काळ्या मातीत तेलवाल्यांच्या बाहेरून आणलेल्या गाड्या पोटापर्यंत फसायच्या आणि आमची गाडी मनोरा घेऊन भेंडीच्या भाजीतून चमचा निघावा तशी निघून जायची. भाऊ चिखलानं माखून घरी यायचा आणि नवरा त्याच्या पाठीवर थापा मारायचा. इंजिनिअरनंही कबूल केलं की गाडी चांगली ओढते. मी सोडून सगळे खूश होते.

मला काय दिसत होतं ते सांगते. एक्सलचं तेल बदललं की ते टाकून द्यायच्या आधी मी त्यात बोट बुडवून दोन बोटांत चोळते, ही माझी सवय. हिवाळ्यात पाऊस थांबला, जमीन वाळली, आणि तेलात चमकणारा चुरा यायला लागला. बारीक, चंदेरी, पोरीबाळी गालाला लावतात तसला. बोट धुतलं तरी चमक जाईना. त्या दोघांतल्या पुढच्या एक्सलचे टायर मागच्याच्या कितीतरी आधी गुळगुळीत झाले. गाडी आवारात येऊन उभी राहिली की एक्सलजवळ जळका वास यायचा. मी नवऱ्याला बोटं दाखवली. तो म्हणाला, "जुनं लोखंड हाय, झिजनच." मी म्हटलं, "झिजत नाही, एकमेकाले खाऊन राह्यले ते." तो म्हणाला, "तुह्या तोंडून कधी चांगलं निघते का वो? सकाळी सकाळी?" मग मी चिडायचे, भांडी आपटायचे, आणि तो दुकानात जाऊन रेडिओ मोठा करायचा.

तेव्हापासून ब्लास्ट झाला की मी दचकायला लागले. हातातला डबा खाली ठेवून रस्त्याकडे बघायचे. रात्री नवरा घोरायचा आणि पलीकडच्या खोलीत भाऊ घोरायचा. मी पडल्या पडल्या दोघांचं ऐकायचे. भावाचा आवाज थांबला की उठून बसायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तेलवाल्यांनी नवीन जागा ठरवली. ती खाणीतून उपसलेल्या मातीच्या डोंगरापलीकडे होती. त्या डोंगरावरून जायला त्यांनी रस्ता केला. मुरूम टाकला, पाणी मारलं, रोलर फिरवला, पुन्हा मुरूम, पुन्हा रोलर. चढावर तर सिमेंटचा थर दिला. असा रस्ता आमच्या भागात खाणीनंसुद्धा कधी केला नव्हता. भाऊ मला मोटारसायकलवर बसवून दाखवायला घेऊन गेला. मी खाली उतरून चप्पल काढली आणि पायानं दाबून पाहिलं. तापलेला, कडक, घरातल्या फरशीसारखा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार, आणि खाली खोल खाणीतलं हिरवं पाणी. धूळ नाही, चिखल नाही. भाऊ म्हणाला, "कसा झकास झाला ना ताई?" मी चप्पल पायात घातली आणि मोटारसायकलवर जाऊन बसले.

इंजिनिअर पुन्हा दुकानात आला. या वेळी तो चहासाठी थांबला नाही. "काका, हा रस्ता कडक आहे," तो म्हणाला. "चढावर लॉक लावू नका." दोन्ही एक्सल एकमेकांना बांधून टाकणारं एक लॉक असतं. चिखलात लावायचं, कडक रस्त्यावर काढायचं. कोळशाचे ड्रायव्हर ते काढतच नाहीत. बारा महिने चिखल आणि भुकटी, मग काढायचं कशाला? गाडी सुरू केली की त्यांचा हात आपोआप आधी लॉकवर जातो.

"हो साहेब," नवरा म्हणाला.

"आणि एक्सल दोन्ही सारखेच आहेत ना?"

"सारखेच हायेत."

"साहेब, एकदा उघडून पाहा," मी काउंटरवरून म्हटलं. "माहं ऐका, उघडून पाहा."

नवऱ्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की फळीवरचं सामान जळावं. मग हसून साहेबाला म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका साहेब. ते रोज बेअरिंगच्या डब्यासंगबी भांडते." साहेब हसला. मनोरा हलवायचा दिवस ठरलेला होता, क्रेन येणार होती. तो निघून गेला.

"खोटं काहून बोलले?" मी विचारलं.

"काम झालं की पावसाळ्याआधी जोडी बदलतो. शपथ घेतो."

"काम व्हायच्या आधी बदला."

"तुह्या भावासाठीच सोडली ना मी ती जोडी! आता तूच मले बोलून राह्यली?" त्याचा आवाज चढला होता आणि शेवटी जरा फाटला. मला कळलं की भीती त्यालाही आहे. मग माझी भीती दुप्पट झाली.

मनोरा न्यायच्या दिवशी सकाळी भाऊ अंगणात तोंड धूत होता. मी चहा घेऊन गेले. त्यानं चहा घेतला नाही. टॉवेल तोंडावर तसाच धरून तो बोलला, म्हणजे मला त्याचं तोंड दिसू नये.

"ताई, काल रिकामी गाडी त्या चढावर नेलती. वळणावर खालून आवाज आला. टण्ण. घण मारल्यावानी."

"भाऊजीले सांगतलं?"

"नाही."

"काहून नाही सांगतलं बे?"

"काय सांगू? मीच तं म्हटलंतं ते पडल्या गाडीचे एक्सल नाही पायजे म्हून. आता कोणत्या तोंडानं सांगू?" त्यानं टॉवेल खाली घेतला. चेहरा पांढरा पडला होता. "जातो हळूहळू. काही नाही होत."

मायबाई! रिकाम्या गाडीखाली आवाज आला, आणि आज वर मनोरा. मी चहा तिथेच ठेवला आणि आवारात धावत गेले. गाडी सुरू होती, नवरा चाकांना लाथा मारून हवा बघत होता. मी केबिनच्या दाराशी पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं की माझा भाऊ या गाडीत बसणार नाही. आधी एक्सल उघडा. क्रेन उभी राहते तर राहू द्या, तेलवाले शिव्या देतात तर देऊ द्या.

नवरा म्हणाला, "बाजूले हो."

"नाही होत."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या! काल गाडीतून आवाज आला, इचारा त्याले!"

नवऱ्यानं भावाकडे पाहिलं. भाऊ माझ्या मागोमाग आला होता, ओल्या तोंडानं उभा होता. त्यानं मान खाली घातली. त्यातूनच नवऱ्याला सगळं समजलं. त्याला खूप राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो चिडला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "बराबर हाय. पोराले नाही पाठवत मी." आणि गाडीच्या पुढून वळसा घालून तो पलीकडच्या दाराकडे गेला.

भाऊ तिकडे धावला. "भाऊजी, मी जातो! माह्या अंगावर हाय ते, मी जातो!" मी त्याचं मनगट पकडलं. दोन्ही हातांनी पकडलं. तो जोराचा गडी, त्यानं मला ओढत दोन पावलं नेलं, मी सोडलं नाही. मी ओरडत होते, "तुमीबी जाऊ नका! उतरा खाली!" पलीकडचं दार आपटल्याचा आवाज आला. नवऱ्यानं काच खाली केली, मला म्हणाला, "धरून ठेव त्याले," आणि गिअर टाकला.

मी धरून ठेवलं. गाडी आवाराबाहेर पडली, रस्त्याला लागली, धुळीत दिसेनाशी झाली, तरी मी धरूनच होते. भाऊ रडत होता. त्याच्या मनगटावर माझ्या नखांचे वण उठले होते.

मग तो माझा हात झटकून मोटारसायकल घेऊन गेला. मी मागे राहिले. चुलीवर भात ठेवला. नवऱ्याच्या आवडीचं वरण केलं. तो दिवस सुखरूप जाईल असं मी स्वतःला सांगत होते. चढ तर चढ, किती बायकांचे नवरे रोज चढतात. खाणीत ब्लास्ट झाला, बेअरिंगं वाजली, आणि त्यानंतर थोड्या वेळानं इंजिनिअरचा फोन आला. तो नुसतं "काकू, काकू" करत राहिला.

नंतर कळलं ते असं. तेलवाल्यांच्या जागेवर मनोरा गाडीवर चढवला, दोरखंड आवळले. नवरा चढाच्या अर्ध्यावर गेला तोपर्यंत सगळं ठीक होतं. सिमेंटचा थर सुरू झाला आणि गाडी अडकत अडकत चालायला लागली. मग खालून आवाज झाला, लांबच्या माणसांनीही ऐकला. मागचा एक्सल जाम झाला. चाकं एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला मोकळी, गाडी रस्त्यावर आडवी फिरली आणि कडेची माती खचली. वर मनोऱ्याचं वजन होतं. ती उताराकडे कलंडली आणि केबिन खाली आलं. भाऊ तेव्हा तिथे पोचला होता. त्यानंच पहिल्यांदा काच फोडली. लॉक लावलेलंच होतं. लॉकचं खोटं बोलला नव्हता बिचारा, काढायचं विसरला असेल. हात आपोआप गेला असेल.

माणूस गेल्यावर घरात किती लोक येतात, किती बोलतात. एक म्हातारी म्हणाली, नशीब, भाऊ तरी वाचला. तिला मी हाकलून दिलं. काय चुकीचं बोलली होती? काहीच नाही. मला तिचं तोंड पाहवेना, बस.

माझी चूक होती असं मला आजही वाटत नाही. मी यार्डात बोलले, दुकानात बोलले, साहेबासमोर बोलले. माझं कोणी ऐकलं नाही. नवऱ्याची चूक म्हणायला जाते तर जीभ अडखळते. पोराच्या मनात नाही म्हणून त्यानं जोडी सोडली आणि पोराला धोका आहे म्हणून स्वतः बसला. असा माणूस मला मिळाला होता आणि मी त्याला दगड म्हणायचे.

भाऊ आता दुकानात माझ्यासोबत बसतो. गाडी चालवत नाही. आर्णीच्या पोरीचं लग्न कधीच दुसरीकडे झालं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा आम्ही दोघं काउंटरच्या दोन टोकांना बसतो आणि फार बोलत नाही. मध्ये एकदा असंच बसलो असताना त्यानं नजर वर न करता मला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"ताई, त्या दिवशी तू भाऊजीचा हात काहून नाही धरला?"

मी म्हटलं, "तू जवळ उभा होता, बाबू. म्हून."

नवरासुद्धा जवळच उभा होता. गाडीच्या पुढून वळसा घेताना तो माझ्या अंगाला घासून गेला होता, त्याच्या शर्टाला डिझेलचा वास येत होता. भावानं ते सगळं पाहिलं होतं. मी उठून गिऱ्हाईक आलं का ते बघायला दारात गेले.